मांजराचं तिकीट

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि माळरानावर काही दिवस जनावरांचं गाव वसतं. घोडे येतात, गाढवं येतात, उंट येतात. लाल कंधारी वळू आणि देवणी गाई शिंगं रंगवून उभ्या असतात. जिल्हा परिषद अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शनही भरवते. देवाचं वाहन घोडा, देवाच्या पायाशी कुत्रा, आणि देवाचे वाघे तर स्वतःच कुत्र्यासारखं भुंकून दाखवणारे. कोणी चालत, कोणी टेम्पोतून, कोणी परराज्यातून ट्रक भरून जनावर घेऊन येतं. या सगळ्या गर्दीत मांजराला मात्र ना प्रदर्शन, ना बाजार, ना बक्षीस.

जनावर बरोबर घेऊन वाट चालणं मराठवाड्याला नवं नव्हतं. लमाणांचे तांडे मोगली फौजांना धान्य पुरवत दख्खनभर फिरले, तेव्हा बैलांच्या पाठीवर गोण्या असत आणि रात्री त्या गोण्यांची राखण तांड्याची कुत्री करत. कारवान आणि पश्मी या शिकारी कुत्र्यांच्या जाती याच पट्ट्यातल्या. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यांच्यासाठी आजही ओळखलं जातं. धनगर मेंढरांमागे निघाला की घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाडासोबत कोंबड्या चढतात, नुकतं जन्मलेलं कोकरू चढतं, कुत्र्याचं पिल्लूही चढतं. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला आले, आणि हजूर साहिबच्या दसरा-होळीच्या मिरवणुकीत आजही सजवलेले घोडे धावतात. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याला तर परंपरेने पालखीचा मान दिला आहे. त्याची समाधी संगम माहुलीला आहे. पैठणच्या एकनाथांनी काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड वाटेत एका तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही कथा मराठवाड्यात पोरासोरांनाही ठाऊक असते.

घोडा, बैल, कुत्रा, गाढव, कोंबडी. प्रवासाच्या गोष्टींत या सगळ्यांना जागा मिळाली. मांजर तेवढं घरी राहिलं. त्याचं कारण प्रेमाच्या कमी-जास्तीत नव्हतं. मांजराची नेमणूकच घरावर होती.

जुनं माळवदाचं घर डोळ्यांसमोर आणलं की हे कळतं. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. भिंतीतच धान्याचं बळद, अंगणात जमिनीखाली पेव, ओसरीवर कणगी. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली की पुढचं वर्षभर तिच्यावर घर चालायचं, आणि पाऊस हुकला तर दोन वर्षंही चालवावं लागायचं. त्या दाण्यावर माणसाइतकाच उंदरांचा डोळा. दिवसा तुळयांवर झोपणारं आणि रात्री बळदाभोवती फिरणारं मांजर हे त्या घराच्या अर्थव्यवस्थेचा भाग होतं. त्याला पगार म्हणून चिपटंभर दूध आणि भाकरीचा तुकडा. बाकीचं त्याने स्वतः मिळवायचं. घरची माणसं दमणी जुंपून लेकीच्या सासरी गेली, पंढरीला गेली, परळी-औंढ्याला गेली, तरी उंदीर काही सुटीवर जात नसत. मग मांजराला सुटी कशी मिळणार?

सोबत नेण्याची पाळी आलीच, तर ती हद्दपारीची असे. दुधाच्या भांड्याला चटावलेला, शिंक्यावर झेप घेणारा बोका पोत्यात घालायचा, पोत्याचं तोंड सुतळीने आवळायचं, बाहेर पडल्यावर ते दोन-चारदा गरागरा फिरवायचं, म्हणजे त्याला दिशा कळू नये, आणि मांजरा किंवा मन्याड नदी ओलांडून पलीकडच्या गावच्या शिवारात मोकळं करायचं. लातूर-नांदेडच्या खेड्यांत ही रीत चांगली परिचयाची आहे. तितकीच परिचयाची आहे तिची फजिती: चौथ्या दिवशी बोका पुन्हा चुलीपाशी हजर. अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ साली याच गोष्टीवर प्रयोग करून निबंध लिहिला. पिलं असलेल्या मांजरीला झाकून दूर नेऊन सोडलं, तर एक ते चार मैलांवरून ती आपल्या पिलांपाशी परत येते, असं त्यांना आढळलं. हेरिक यांनी प्रयोग करून जे तपासलं ते पोतं फिरवणाऱ्या कोणाही शेतकऱ्याने हताशपणे आधीच पाहिलेलं होतं.

मांजर स्वतःहून बिऱ्हाड हलवतं ते फक्त पिलांसाठी. मानगूट दातांत धरून एकेक पिल्लू या माळवदावरून त्या माळवदावर. सात घरं दाखवल्याशिवाय मांजरीची पिलं मोठी होत नाहीत असं घरोघर म्हणतात. पण ही सात घरं एकाच आळीतली. आपल्या वासाने ओळखलेला इलाका सोडणं मांजराच्या स्वभावात नाही. गाल, पाठ, शेपूट घासून ते उंबऱ्यापासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळ्यावर आपली खूण ठेवतं. खूण नसलेल्या जागी त्याचं पोट आवळतं, खाणं सुटतं, ते कोपरा धरून बसतं. कुत्र्याला माणूस असला की गाव कुठलंही चालतं. मांजराला आधी गाव लागतं.

माणसाच्या प्रवासाशी मांजराचा जो संबंध समाजाने मान्य केला तो एकच, आणि तो वाईट. निघताना ते आडवं गेलं की गाडी थांबवायची, चार पावलं मागं यायचं, पाणी प्यायचं, दुसरं कोणी पुढं जाऊ द्यायचं. शकुन-अपशकुनांच्या यादीत त्याला विधवेच्या, तेल्याच्या आणि रिकाम्या घागरीच्या पंगतीत बसवलं होतं. ज्यांना समाजाने वाटेतून बाजूला सारलं त्यांच्याच रांगेत मांजर होतं, एवढं या यादीवरून दिसतं. नव्या गाड्यांनाही त्यातून सूट मिळाली नाही. लिंबू-मिरची लटकवलेली जीप आजही अहमदपूरच्या रस्त्यावर मांजर दिसलं की क्षणभर ब्रेक दाबते.

आडवं गेलेलं मांजर चाकाखाली आलं तर प्रकरण आणखी वाढायचं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा यांच्या हत्येला शूद्राच्या हत्येइतकंच प्रायश्चित्त सांगितलं आहे. त्या काळी माणसाची आणि बेडकाची किंमत कोणी कशी ठरवली होती, ते त्या एका ओळीत उघडं पडतं. पर्यायही दिले आहेत: तीन रात्री दुधावर राहणं, वाहत्या नदीत स्नान करणं किंवा एक योजन वाट चालणं. म्हणजे मांजराचा प्रवास माणसाने संपवला तर माणसाने पायी प्रवास करायचा.

लोकांच्या तोंडी मात्र याहून महाग प्रायश्चित्त राहिलं: मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. रेल्वे येण्यापूर्वी नांदेड-लातूरकडच्या माणसाला काशी म्हणजे महिनोन् महिन्यांची वाट. परत आला तर गावाला मावंदं घालायचं, न आला तर तिकडेच मोक्ष. त्या काळात इथून शेकडो कोसांवर सन्मानाने नेलं जाईल असं मांजर कल्पनेत तरी एकच होतं, आणि ते सोन्याचं. हिंदी लेखक भगवतीचरण वर्मा यांनी ‘प्रायश्चित्त’ या कथेत याच समजुतीची टर उडवली. कथेतला पंडित एकवीस तोळ्यांच्या मांजरावरून घासाघीस करत अकरा तोळ्यांवर उतरतो, आणि सौदा पक्का होईस्तोवर मेलेलं समजलेलं मांजर उठून पळून जातं.

कंधार, उदगीर, नांदेडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत याच जनावराला वेगळी वागणूक होती. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीससंग्रहांत मांजराने तोंड लावलेलं पाणी अपवित्र मानलेलं नाही. ते घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, असं तिथे सांगितलं आहे. पैगंबरांचे एक सहकारी अबू हुरैरा या नावानेच ओळखले गेले. मांजराच्या पिलावरून पडलेलं ते नाव. त्यामुळे वजूच्या भांड्याशी मांजर आलं म्हणून ते हाकललं जात नसे. पण तिथेही ते घरात वावरणारंच होतं, प्रवासाचं साथीदार नव्हतं.

जमिनीवर घराला बांधलेलं हे जनावर समुद्रावर मात्र अट्टल प्रवासी ठरलं. कारण पुन्हा तेच, उंदीर. गलबतात धान्य आणि दोरखंड असायचे, म्हणून गलबतात मांजरही असायचं. मांजराच्या दृष्टीने गलबत हे चालतं घरच. २०१७ साली क्लाउडिओ ओट्टोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन मांजरांच्या हाडांतला डीएनए तपासून दाखवलं की पश्चिम आशिया आणि इजिप्तमधली मांजरं व्यापाराच्या वाटांनी, जहाजांवरून दूरवर पसरली.

या वाटांचं एक टोक लातूरच्या शेजारी होतं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तगरचं नाव आहे: पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं गाव, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जातं. भडोचहून निघालेली गलबतं तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्शियन बंदरात लागत. बेरेनिकेत मार्ता ओसिपिन्स्का या पोलिश पुराप्राणिशास्त्रज्ञांनी पाळीव प्राण्यांची दफनभूमी अभ्यासली. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या त्या जागेत पाचशेहून जास्त मांजरं निघाली, काहींच्या गळ्यात पट्टे, काहींच्या गळ्यात मण्यांच्या माळा. त्यांच्याच शेजारी पुरलेली काही माकडं भारतातली होती. समुद्रापारच्या व्यापारातून भारतातलं माकड इजिप्तला पोहोचलं आणि तिथल्या लाडक्या मांजरांच्या शेजारी पुरलं गेलं. माणसाने हौसेखातर जनावर लांब नेल्याचे एवढे जुने आणि एवढे स्पष्ट पुरावे फार थोडे.

हौसेची मांजरंही याच समुद्रावरून हिंदुस्थानात उतरली. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६२० साली इराणमधून लिहिलेल्या पत्रात खुरासानच्या लांब, मऊ केसांच्या मांजरांचं वर्णन केलं, काही जोड्या रोमला न्यायचा बेत सांगितला, आणि पोर्तुगीजांनी अशी मांजरं हिंदुस्थानात आणल्याचंही नोंदवलं. पुढे १६२३-२४ मध्ये तो स्वतः सुरत-गोव्याकडे फिरला. आज लातूरच्या औसा रोडवरच्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत झोपलेलं चपट्या नाकाचं ‘पर्शियन’ पाहिलं की या कुळाचा प्रवास किमान चारशे वर्षं जुना आहे हे लक्षात ठेवावं. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज खलाशाचं ट्रिम नावाचं मांजर तर १८०१ ते १८०३ या काळात त्याच्यासोबत ऑस्ट्रेलियाला वळसा घालून आलं. सिडनीत त्याचा पुतळा आहे.

इकडे जमिनीवर, विसाव्या शतकाच्या तोंडावर मांजराची किंमत एकाएकी वाढली ती प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईत शिरलेली साथ रेल्वेच्या आणि धान्याच्या गाड्यांसोबत आत पसरली. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं, रानात झोपड्या ठोकायच्या आणि थंडी-ऊन काढून परतायचं, हा अनुभव पुढची वीस वर्षं गावोगाव आला. पिसवांमार्फत रोग उंदरांकडून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. अमरावतीत काम केलेले लष्करी वैद्यक सेवेतले डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी मग सरळ हिशेब मांडला: ज्या गावांत घरोघरी मांजर आहे तिथे प्लेग कमी. त्यांचं हे म्हणणं १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. मांजरालाही प्लेग होतो आणि ते माणसाला देऊ शकतं, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. तरी घरचं मांजर हा सार्वजनिक आरोग्याचा विषय होऊ शकतो, हा विचार वऱ्हाडच्या मातीत रुजला. गंमत अशी की माणसं घर सोडून रानात पळत असताना डॉक्टर सांगत होते, मांजराला घरात राहू द्या.

त्याच काळात रेल्वे आली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा सिकंदराबादला जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटर गेज मार्ग १९०० च्या आसपास सुरू झाला. लातूरला पोहोचली ती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फूट रुंदीची. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा तिचा पहिला टप्पा झाला, आणि १९११ मध्ये ती लातूरला आली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा मोठा जनावरवेडा माणूस. इंग्लंडमध्ये तो अरबी घोडे पाळायचा आणि घोड्याला मित्र, साथीदार म्हणून कसं वागवावं यावर त्याने १९२० साली पुस्तक लिहिलं. लातूरला आगगाडी दाखवणाऱ्या माणसाला जनावराशी बोलायची कला अवगत होती, पण ती घोड्याशी.

जनावराची किंमत रेल्वेने कागदावर कशी मांडली तेही पाहण्यासारखं आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९० च्या रेल्वे कायद्यात वाहतुकीत जनावर दगावलं तर भरपाईची कमाल मर्यादा ठरवली होती. हत्ती किंवा घोडा पाचशे रुपये. खेचर, उंट, शिंगवाली जनावरं पन्नास रुपये. गाढव, मेंढी, शेळी, कुत्रा आणि ‘इतर प्राणी’ दहा रुपये. मांजर या शेवटच्या दोन शब्दांत कुठेतरी बसत होतं. कुत्र्यासाठी मात्र गार्डच्या डब्यात वेगळी जाळीची पेटी केली गेली. साहेबाचं कुत्रं साहेबासोबत थंड हवेच्या ठिकाणी जायचं, त्यामुळे त्याची सोय लागली. ती पेटी ‘डॉग बॉक्स’ म्हणून आजही ओळखली जाते.

आणि समजा एखाद्या नांदेडकराने त्या काळी मांजर मुंबईला न्यायचं ठरवलंच असतं, तर मनमाडला गेज बदलायचा. लातूरकराला कुर्डुवाडीला. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या, शिदोरीचा डबा, दोन पोरं, शिवाय टोपलीतलं भेदरलेलं मांजर, हे सगळं हमालाच्या डोक्यावरून एका फलाटावरून दुसऱ्यावर. वाफेच्या इंजिनाची शिट्टी माणसाचं लहान मूल रडवायची, मांजराचं काय. निजामाच्या राज्यात १९३२ पासून २७ गाड्यांवर सरकारी बससेवा सुरू झाली, पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर एसटीचा लाल डबा आला. एसटीच्या टपावर सायकल चढली, डालग्यातल्या कोंबड्या चढल्या, पिशवीतून तोंड काढणारं शेळीचं करडूही मांडीवर बसलं. विकायला किंवा पाळायला न्यायचं जनावर कोणालाही कळतं. नुसतं सोबत म्हणून न्यायचं मांजर कंडक्टरलाही आणि शेजारच्या सीटलाही समजणं अवघड होतं.

मांजराची घरावरची ही नेमणूक लातूरकडे मोडली ती बऱ्याच अंशी एका तारखेपासून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं हेच त्यांच्या मरणाचं मोठं कारण ठरलं. बावन्न गावं नव्या जागी हलवली गेली. हळूहळू त्या पट्ट्यात आणि आसपास लोक माळवदावरून सिमेंटच्या छताखाली आले. नव्या घरात भिंतीतलं बळद नव्हतं, तुळया नव्हत्या, पेव तर नव्हतंच. शेतातही बदल झाला: ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, लातूर ही सोयाबीनची नामांकित बाजारपेठ झाली, आणि सोयाबीन घरात साठवायचं नसतं, आडतीवर घालायचं असतं. वर्षभराचं धान्य घरातून गेलं, त्यासोबत उंदरांवरचा पहाराही गेला. मांजर बेकार झालं.

बेकार झालेलं मांजर मग लाडकं झालं. हे शहरांत जगभर झालंय. नांदेड-लातूरला ते शिकवणी वर्गांच्या आणि पुण्याच्या नोकऱ्यांच्या पिढीत घडलं. लातूर पॅटर्नच्या अभ्यासात बुडालेल्या, दार बंद करून बसणाऱ्या मुलाला कंपनी म्हणून रस्त्यावरचं पिल्लू घरात आलं. तेच मूल पुढे हिंजवडीला किंवा हैदराबादला गेलं आणि तिकडे फ्लॅटमध्ये स्वतःचं मांजर पाळू लागलं. दिवाळीला, मेच्या सुटीला गावाकडे यायचं तर मांजर कोणापाशी ठेवायचं? हा प्रश्न माळवदाखाली कोणाला पडला नव्हता. घर एका जागी होतं तोवर मांजर एका जागी होतं. घर भाड्याचं आणि फिरतं झाल्यावर मांजर माणसाला चिकटलं.

पण कागद अजून मागेच आहे. रेल्वेच्या नियमांत पाळीव प्राण्याला सोबत न्यायचं तर एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लासचं अख्खं कूप किंवा केबिन आरक्षित करावं लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यातली ती पेटी. गार्डचं पद २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, पेटी तीच राहिली. स्लीपर, थ्री टियर, टू टियरमध्ये मांजराला मुभा नाही. पशुवैद्याच्या प्रमाणपत्राचा कागद आणि लसीची नोंद जवळ ठेवावी लागते, पार्सल कार्यालयात नोंद करून पावती घ्यावी लागते. कुत्र्याच्या मापाने केलेल्या जाळीतून मांजर सहज निसटू शकतं, आणि रात्री अनोळखी स्टेशनावर निसटलेलं मांजर हेरिकच्या मांजरीसारखं परत येईल याची हमी नाही. विमानाने मात्र आधी पाऊल टाकलं: नोव्हेंबर २०२२ पासून अकासा एअरने देशांतर्गत विमानांत ठरावीक वजनाच्या आतलं कुत्रं आणि मांजर पिंजऱ्यासह केबिनमध्ये न्यायला सुरुवात केली. १८९० च्या ‘इतर प्राण्यां’पैकी मांजर शेवटी एका तिकिटावर स्वतःच्या नावाने आलं.

रस्त्यावर कारभार वेगळा. पुणे-लातूर-नांदेड रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये नियमपुस्तकापेक्षा त्या रात्रीचा ड्रायव्हर आणि क्लीनर काय म्हणतो यावर सगळं ठरतं. म्हणून ज्यांना जमतं ते स्वतःच्या कारने निघतात. अशी एक तयारी जवळून पाहण्यासारखी असते. प्लास्टिकचा जाळीदार कॅरियर आठ-दहा दिवस आधी दार काढून हॉलमध्ये ठेवतात, आत जुनी गोधडी, वाटीत खाणं. म्हणजे तो पिंजरा त्याच्या इलाक्यात सामील व्हावा. निघण्याआधी चार-पाच तास खाणं बंद, कारण मांजरालाही गाडी लागते. कॅरियरवर सुती ओढणी टाकून अंधार करायचा. हडपसर सुटेपर्यंत ते ओरडतं, मग गप्प होतं, टेंभुर्णीच्या ढाब्यावर डिझेलच्या वासाने पुन्हा ओरडतं. काचा उघडण्याआधी जाळीचं दार लागलंय ना, हे दोघांनी पाहायचं. एप्रिल-मेमध्ये नांदेडचा पारा ४२ च्या पुढे सहज जातो; बंद, उन्हात उभ्या गाडीत मांजर मिनिटांत तडफडू लागतं, आणि चपट्या नाकाच्या पर्शियनला तर श्वासच पुरत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं की तो थकवा नसतो, धोक्याची खूण असते. त्रास कमी व्हावा म्हणून घरातली पॅरासिटामॉल देणं हा दुसरा धोका. ती गोळी मांजराला विषच आहे.

उदगीर आणि परभणी इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ती उभी राहिली गाई, म्हशी, शेळ्या, बैलांसाठी. तिथल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आता कॅरियर घेतलेली मुलंही बसलेली दिसतात. सरकारी पशुगणनेत मात्र मांजराला अजून रकाना नाही. २०१९ च्या विसाव्या गणनेत गाय, म्हैस, शेळीपासून उंट, हत्ती, ससा, कुत्र्यापर्यंत सगळे मोजले गेले. नांदेड-लातूरमध्ये मांजरं किती, हे त्या तक्त्यांत कुठेच सापडत नाही.

कॅरियरचा हा खटाटोप अजून थोड्याच घरांत आहे. बाकीच्यांची सोय जुनीच, फक्त तिला मोबाइलची जोड मिळाली आहे. सुटीत गावाला निघताना किल्ली शेजारच्या काकूंकडे जाते. पिशवीभर कॅटफूड, दुधाच्या दोन पिशव्या आणि ‘तेवढं मांजराकडं बघा हां काकू’ एवढा निरोप. संध्याकाळी काकू व्हिडिओ कॉल लावतात, फोन खाली वाटीपाशी धरतात, आणि तिकडून सगळं कुटुंब एका स्क्रीनवर गोळा होऊन नाव घेऊन हाका मारतं. मांजर एकदा कान हलवतं, स्क्रीनकडे पाठ करतं आणि खात राहतं.